चार स्क्रू की दहा, हे नंतर ठरवू

पत्र : मी ६३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. कोरेगाव तालुक्यात राहते. कमरेचं दुखणं जुनंच आहे, पण गेल्या वर्षभरात चाललं की दोन्ही पाय भरून येतात. देवळापर्यंत जाताना वाटेत कुठल्या तरी कट्ट्यावर टेकावंच लागतं. गंमत म्हणजे नातीची बाबागाडी ढकलत मात्र मी अर्धा तास फिरते. एमआरआयमध्ये आलं की एल-४, एल-५ (कमरेचा चौथा-पाचवा मणका) मधली गादी झिजली आहे, मणका थोडा पुढे सरकलाय आणि नसांची जागा अरुंद झाली आहे. साताऱ्यातले सर्जन म्हणाले, चार स्क्रू आणि एक केज (गादीच्या जागी बसवायचा ठोकळा) टाकू, चार-पाच दिवसांत घरी. मुलीच्या हट्टामुळे पुण्यातही दाखवलं. तिथे उभं करून डोक्यापासून मांडीपर्यंत लांबलचक एक्स-रे काढला आणि कागदावर लिहून दिलं : पी.आय. ६२, एल.एल. ४१, पी.टी. २७. कमरेचा बाक गेलाय, तो परत आणायचा तर दहा स्क्रू लागतील, असं ते म्हणाले. मुलगा म्हणतो, बिल वाढवतायत. मुलगी म्हणते, पुण्याचंच ऐक. माझ्या जाऊबाईंचं मागे असंच ऑपरेशन झालं, त्या आता वाकून चालतात. दुखणं कमरेचं, त्यात खुब्याच्या हाडांचा संबंध काय? आणि मी ऐकू कोणाचं? गौरी-गणपतीच्या आधी उरकून टाकू का?

उत्तर : बाई, नमस्कार. घरात दोन पार्ट्या पडल्या आहेत आणि दोन्हीकडे अर्धं-अर्धं खरं आहे. बरं झालं, तो कागद टाकून दिला नाहीत. त्यावरचे तीन आकडे समजले की निम्मं भांडण मिटेल.

आधी खुब्याच्या हाडांचं. पाठीचा कणा कटीरावर, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्यावर (पेल्व्हिस) उभा असतो आणि कटीर दोन खुब्यांवर. कटीराच्या मागच्या बाजूला सेक्रम नावाचं तिकोनी हाड असतं. त्याचा माथा सपाट नसतो, पुढे कललेला असतो. तो किती कललेला आहे आणि खुब्याचे गोळे त्याच्या किती पुढे बसलेत, यावरून एक कोन निघतो. तुमच्या कागदावरचा पी.आय., म्हणजे पेल्विक इन्सिडन्स, तो हाच. फ्रान्समधल्या डॉ. जिनेट द्युवाल-बोपेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तो मांडला. अंगाची वाढ थांबली की हा कोन ठरून जातो. तुम्ही बसा, झोपा, वाका, तो तोच राहतो. बहुतेकांचा पन्नाशीच्या आसपास असतो, कोणाचा ४०, कोणाचा ७०. तुमचा ६२ म्हणजे जरा चढा. ४-५ चा मणका सरकलेल्यांमध्ये असा चढा कोन जास्त आढळतो, तेव्हा तुम्ही काही जगावेगळ्या नाही.

ज्याच्या सेक्रमचा माथा जास्त कललेला, त्याच्या कमरेला बाकही जास्त हवा. नाहीतर धड पुढे जाईल. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई बघा, हंडा बरोबर कमरेच्या वर असतो म्हणून तिला मान ताठ ठेवून मैलभर जाता येतं; तो चार बोटं पुढे सरकला की मान, पाठ, मांड्या सगळ्यांना काम लागतं. आपलं डोकंही तसंच कटीराच्या वर राहायला हवं, आणि ते ठेवण्याचं काम कमरेचा बाक करतो. तोच एल.एल., लंबर लॉर्डोसिस. ढोबळ हिशेब असा की तो पी.आय.च्या दहा अंश इकडेतिकडे असावा. तुमच्या बाबतीत बावन्नच्या पुढे. कागदावर आहे ४१. फरक २१.

हा बाक गेला कुठे? कमरेच्या बाकाचा साधारण दोन तृतीयांश भाग सगळ्यात खालच्या टप्प्यात, एल-४ ते सेक्रम एवढ्यात असतो. तिथल्या गाद्या पुढून उंच आणि मागून बुटक्या असतात, म्हणून तर बाक येतो. झिजताना त्या पुढची उंची गमावतात. तुमची ४-५ ची गादी नेमकी तिथलीच. आपल्याकडे सगळे ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात. प्रत्यक्षात गॅप असायला हवा तो कमी होतो, पण ते असो.

बाक कमी झाल्यावर शरीर गप्प बसत नाही. आधी पाठीचा वरचा भाग मागे रेलतो. मग कटीर मागे फिरतं. किती फिरलं, ते तुमचा तिसरा आकडा सांगतो. पी.टी., म्हणजे पेल्विक टिल्ट, २७; २० च्या आत असता तर बरं होतं. एवढ्यानेही भागलं नाही की गुडघे वाकतात. दिवसभर अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर उभं राहून संध्याकाळी मांड्या दुखतात, आणि आपण बिचाऱ्या गुडघ्यांना दोष देऊन तेल चोळत बसतो. साडीत हे दिसत नाही. एकदा संध्याकाळी सलवार घालून मुलीकडे एक बाजू करून उभ्या राहा आणि गुडघे वाकलेत का, मागची बाजू सपाट झाली आहे का, तिला बघू द्या. आणखी एक विचारतो : साडी पूर्वीसारखीच नेसता, पण निऱ्या पुढून पायात यायला लागल्या आहेत का, आणि मागून काठ वर जातो का? असं होत असेल तर धड पुढे झुकलंय.

आता जाऊबाई. त्यांचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे कोणाच्या माथी खापर फोडणार नाही. शेजारची गादी नंतर झिजली असेल, हाड ठिसूळ होऊन वरचा मणका बसला असेल. पण एक कारण जुनं आणि ओळखीचं आहे. अमेरिकेत डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६० च्या सुमारास वाकडा कणा सरळ करायला सळया बसवायला सुरुवात केली. मोठंच काम होतं ते. पण सळई सरळ आणि ताण देऊन बसवलेली. ती कमरेत खालपर्यंत गेली की बाक सपाट व्हायचा, आणि काही वर्षांनी माणसं पुढे झुकून, गुडघे वाकवून चालायला लागायची. त्याला ‘फ्लॅट बॅक’ नाव पडलं. एकाच गादीच्या ऑपरेशनमध्येही हे लहान प्रमाणात होऊ शकतं. ऑपरेशन टेबलावर पालथं झोपवताना मांड्या मागे सरळ राहिल्या तर कमरेचा बाक टिकतो. खुबे वाकवून झोपवलं तर तो सपाट होतो. सपाट झाल्यावर नसांपर्यंत पोचायला सोपं, पण त्याच अवस्थेत स्क्रू कसले की तो सपाटपणा जन्माचा. केजचंही तसंच. गादीच्या जागेत तो पुढे बसवून मागचे स्क्रू एकमेकांकडे दाबून घेतले तर बाक मिळतो, मागेच ठेवून स्क्रू ताणले तर असलेलाही जातो.

म्हणून साताऱ्याच्या डॉक्टरांना माझा पहिला प्रश्न हा : उभ्याचा लांब एक्स-रे न बघता चार स्क्रू ठरवले कसे? एमआरआय आडवं झोपवून काढतात. आडव्या माणसाला तोल सांभाळायचा नसतो, त्यामुळे चालताना शरीर कसं उभं राहतं ते त्यात दिसतच नाही. ऑपरेशन चार स्क्रूचं आहे म्हणून कोन बघायचा नाही, हे मला पटत नाही. एल-४, एल-५ एकदा जुळले की त्या टप्प्याचा कोन कायमचा, आणि टप्पा सगळ्यात महत्त्वाचा.

तुमच्या मुलालाही सांगतो, पुण्याच्या डॉक्टरांनी तो एक्स-रे काढला हे योग्यच केलं. ते काही बिल वाढवणं नाही. पण एक्स-रे काढणं वेगळं आणि त्यावरून थेट दहा स्क्रूंवर जाणं वेगळं. फरक दहाच्या आत, पी.टी. वीसच्या आत आणि मानेतून सोडलेला ओळंबा सेक्रमच्या मागच्या कडेपासून पाच सेंटिमीटरच्या आत, ही त्रिसूत्री न्यूयॉर्कचे डॉ. फ्रँक श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. ती मुख्यतः कणा बऱ्यापैकी वाकलेल्या मोठ्या माणसांच्या अभ्यासातून आली. पुढे २०१६ मध्ये डॉ. व्हर्जिनी लाफाज यांच्या गटाने दाखवलं की वय वाढेल तसं हे गणित सैल धरावं लागतं. सत्तरीच्या माणसाला पंचविशीचा बाक द्यायला गेलं तर सळईच्या वरच्या टोकाशी नवीन वाक येण्याचा धोका वाढतो. त्यात मोठ्या ऑपरेशनचा रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आयसीयूतले दिवस हे वेगळंच.

आणि एक गोष्ट जी ओपीडीत कोणी विचारत नाही, लाज वाटते म्हणून. स्क्रू कटीरापर्यंत गेले तर कंबर वाकतच नाही. जमिनीवर बसणं सोडा, शौचानंतर नीट धुणं, पायातल्या चपलेचा पट्टा लावणं, निऱ्या खोचायला खाली बघणं, हे सगळं अवघड जातं. एकट्या ४-५ वर केलं तर हे फारसं अडत नाही. दहा स्क्रू म्हणजे कुठून कुठपर्यंत, त्यात सेक्रम आणि कटीर धरलंय का, हे स्पष्ट विचारा.

पण हे सगळं नंतरचं. तुमच्या पत्रात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची ओळ बाबागाडीची आहे. बाबागाडी ढकलताना आपण पुढे झुकतो. झुकलं की कमरेतली नसांची वाट जरा मोकळी होते, पाय भरून येत नाहीत. अशा लोकांना अजिंक्यताऱ्याचा चढ जमतो आणि उतारच नकोसा होतो, कारण उतरताना धड मागे जातं आणि वाट आवळते. सायकल चालवता येते, चालता येत नाही. म्हणजे तुमचं झुकणं हे बाक गेल्यामुळे असेल, किंवा नसा मोकळ्या ठेवायला शरीराने स्वतःच काढलेली युक्ती असेल. दोन्हींत उभ्याच्या एक्स-रेवर एल.एल. कमीच दिसणार! पहिल्या प्रकारात बाक खरोखर हरवलाय. दुसऱ्या प्रकारात तो आहे, वापरात नाही. नसांवरचा दाब काढला की अशी बरीच माणसं एकही स्क्रू न टाकता आपोआप सरळ होतात.

तुमचं यातलं कोणतं, ते ओळखायला नवीन मशीन लागत नाही. तुमच्याकडे आडवं झोपून काढलेला एमआरआय आहेच. त्याच्या मधल्या चित्रावर तोच कोन मोजायला सांगा. एमआरआयमध्ये गुडघ्याखाली उशी देतात, त्याने बाक थोडा कमी दिसतो, म्हणून त्याहून चांगलं म्हणजे उताणं झोपून कमरेखाली गुंडाळी ठेवून एक साधा एक्स-रे. उभ्याने ४१ आणि आडव्याने बावन्न-त्रेपन्न आला तर कणा लवचीक आहे, तो सरळ करायला दहा स्क्रूंची गरज नाही. आडव्यानेही बेचाळीस-त्रेचाळीसच राहिला तर पुण्याच्या डॉक्टरांच्या म्हणण्यात वजन आहे आणि मग मोठ्या ऑपरेशनचा विचार गंभीरपणे करायला हवा. कारण एका गादीच्या जागी केज टाकून काही अंशच मिळतात. मागचे सांधे कापून सैल केले तर एका पातळीला साधारण दहा, आणि मणक्यातूनच तिरका तुकडा काढला तर तीसच्या आसपास. ते मात्र फार मोठं काम. तुमचा फरक २१ चा, तोही दहाच्या आत आणला तरी पुरे, आणि तुमच्या वयाला त्याहून थोडी सवलत.

याच बरोबर पुढे वाकून एक आणि मागे झुकून एक, असे दोन एक्स-रे. सरकलेला मणका हलतो का, ते त्यात कळतं. हलत नसेल तर चार स्क्रूही लागतीलच असं नाही. नॉर्वेमधल्या रुग्णालयांनी तुमच्यासारखाच, एकाच पातळीवर मणका सरकलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात फक्त नसा मोकळ्या केल्या, दुसऱ्यात स्क्रूही टाकले. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी दोन्ही गटांत शंभरातल्या सत्तरहून जास्त लोकांना चांगला फरक पडलेला होता, स्क्रू न टाकलेले मागे पडले नव्हते. म्हणजे तिसराही पर्याय आहे, आणि तो तुम्हाला साताऱ्यातही कोणी सांगितला नाही आणि पुण्यातही नाही. विचारा.

माझं मत मागितलंत म्हणून सांगतो, पत्रावरून जेवढं सांगता येतं तेवढंच. तुमची मुख्य तक्रार पायांची आहे. पायांचं दुखणं नसा मोकळ्या केल्याने जातं, कोन जुळवल्याने नाही. तेव्हा नसा मोकळ्या करणं हे मुख्य काम. मणका हलत असेल तर त्याला जोडून ४-५ वर चार स्क्रू, पण बाक राखून. दहा स्क्रूंचा नंबर शेवटचा, आणि तोही आडव्या एक्स-रेने कौल दिला तरच. साताऱ्याच्या सर्जनना ‘ऑपरेशननंतर माझ्या ४-५ चा कोन किती असेल’ असं सरळ विचारा. जे डॉक्टर एक्स-रेवर पेन्सिलीने रेघ मारून दाखवतील, त्यांच्याकडे करा. गाव कोणतं याला महत्त्व देऊ नका. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना थाटला तेव्हापासून लांबलांबची माणसं ऑपरेशनला आपल्याकडे येत आली आहेत, पुण्याला गेलं म्हणजेच नीट होतं हा मुलीचा समज तिने सोडावा.

तुम्ही पत्राच्या समासात, जणू चुकून, लिहिलंय की सकाळ-संध्याकाळ मशेरी लावता, ‘पण थोडीच’. बाई, हे समासात नाही, पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, हाडांचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि स्क्रू टाकलेल्या जागी हाड जुळत नाही. हाड जुळलं नाही तर स्क्रू हलतात आणि कितीही नेमका साधलेला कोन ढासळतो. आपल्या भागात बायका सर्जनपुढे सिगारेट-बिडीला ‘नाही’ म्हणतात, ते खरंच असतं, आणि मशेरीचं कोणी विचारत नाही. ऑपरेशनच्या निदान दीड महिना आधी बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. पोट साफ होत नाही ही सबब मला माहीत आहे; त्याला इसबगोल आहे. त्याच जोडीला हाडांची घनता सांगणारी डेक्सा तपासणी करून घ्या. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बाईच्या ठिसूळ हाडात स्क्रू मारणं म्हणजे पुढचा त्रास ओढवून घेणं. हाड कमकुवत निघालं तर आधी काही महिने त्याचे उपचार होऊ शकतात. साखर असेल तर तीही आटोक्यात हवी. आणि खुब्याचे सांधे तपासून घ्या. खुबा आखडलेला असेल तरी माणूस पुढे झुकतो, आणि मग पाठीवर केलेलं काम वाया.

उभ्याचा लांब एक्स-रे पुन्हा काढायची वेळ आली तर जाताना थोडं चालून जा. रिक्षातून उतरून थेट उभ्या राहिलात तर शरीर ताजं असतं, झुकणं लपतं. गुडघे सरळ ठेवा, हाताच्या मुठी दुमडून गळ्याखालच्या हाडांवर टेकवा, आणि फोटोत दोन्ही खुबे आले आहेत का ते तंत्रज्ञाला विचारा. खुबे नसतील तर पी.आय. काढताच येत नाही, पैसे पाण्यात. खर्चाचं म्हणाल तर रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजना असेल तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. कोणतं ऑपरेशन योजनेत बसतं ते तारीख ठरवण्याआधी कळलेलं बरं.

शेवटी विचारलंय, गौरी-गणपतीच्या आधी उरकून टाकू का? घाई करण्यासारखं पत्रात काही दिसत नाही. घाई कधी, तर लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेची संवेदना गेली, पाऊल उचलता येईना आणि चप्पल निसटायला लागली. यातलं काहीही झालं तर एक्स-रे, कोन, योजना सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. नाहीतर मशेरी सोडून, डेक्सा करून, वर सांगितलेले एक्स-रे घेऊन सणानंतर निवांत ठरवा. गौरी मात्र या वर्षी टेबलावर बसवा. जमिनीवर वाकून आरास करणं सुनेकडे, आणि तसं तिला आत्ताच सांगून ठेवा, आदल्या रात्री नको.